दैवाचे स्थान पाचवे

होडीच्या यंत्राची तयारी आणि देवाची प्रार्थना या दोन्ही गोष्टी कोकण किनाऱ्यावर त्याच माणसांच्या हातून होतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणारा नाखवा पहाटे इंजिनाचा प्लगही पुसतो. यत्नानेच काम होत असेल तर हात कशाला जोडायचे, आणि सारे दैवावर असेल तर प्लग कशाला पुसायचा, हा प्रश्न जुना आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात (श्लोक १३ ते १६) त्याची फार नेमकी मांडणी आढळते. कर्म सिद्धीस जाण्यास अधिष्ठान, कर्ता, करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव, अशी पाच कारणे लागतात. दैव म्हणजे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या आदित्यादी देवता, असे शंकराचार्य म्हणतात. रामानुजाचार्य तेथे अंतर्यामी परमात्मा पाहतात. कोणताही अर्थ घेतला तरी दैव उरलेल्या चौघांच्या जोडीला येते, त्यांच्या बदली येत नाही. करणे म्हणजे भाष्यकारांच्या लेखी इंद्रिये. तोच विचार हातातल्या यंत्रापर्यंत नेण्यास हरकत नसावी.

छोट्या होडीचे आऊटबोर्ड यंत्र समुद्राचेच पाणी ओढून थंड राहते. खालच्या भागातले रबरी पात्यांचे चक्र, म्हणजे इम्पेलर, ते पाणी वर चढवते. यंत्र सुरू होताच मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार पडली पाहिजे. ती दिसली नाही तर यंत्र तिथल्या तिथे बंद करावे लागते. भोकात वाळू किंवा मिठाचा खडा अडकला असेल तर तो तारेने निघतो. तरीही धार येत नसेल तर इम्पेलर बघण्यावाचून गत्यंतर नाही. कोरडे फिरलेले रबर बघता बघता निकामी होते. इंधनात शिरलेले पाणी तळाशी बसते, म्हणून फिल्टर पाहायचा. सुट्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिला तर यंत्र धक्क्यावर छान चालते आणि पुढे गेल्यावर इंधनावाचून गुदमरते. ते नेमके खाडीच्या मुखाशी, लाटा फुटतात तिथे बंद पडले, तर त्याला दैव म्हणणे खोटे आहे. तिथे चेष्टाच अपुरी पडलेली असते.

योगवासिष्ठाचे मुमुक्षुप्रकरण याहून कडक आहे. पूर्वी केलेल्या यत्नाचेच नाव दैव, असे ते सांगते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने न धुतलेले यंत्र पुढे दगा देते, तेव्हा हे मत पटते. अचानक उठलेल्या वाऱ्यापुढे मात्र ते अपुरे वाटते. तिथे गीतेची पाच कारणेच अधिक खरी आहेत.

गीतेचा सोळावा श्लोक दुसऱ्या टोकालाही आवर घालतो. ही पाच कारणे असताना केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्याची बुद्धी संस्कारहीन, असे तो म्हणतो. वादळाचा इशारा असूनही यंत्र ठणठणीत आहे एवढ्यावर होडी लोटणारा या श्लोकात पुरता बसतो.