निसर्गोपचाराचा आवाका

पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक या ब्रिटिश सर्जनने येरवडा तुरुंगातल्या एका कैद्याचे अपेंडिक्स काढले. शस्त्रक्रिया चालू असतानाच वादळाने वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. कैदी होते महात्मा गांधी. पंधरा वर्षांपूर्वी याच माणसाने ‘हिंद स्वराज्य’मध्ये डॉक्टरांवर आणि इस्पितळांवर इतके जहाल लिहिले होते की आजही वाचताना दचकायला होते. टीकाकारांना या प्रसंगात ढोंग दिसते आणि भक्त तो घाईने ओलांडून जातात. मला वाटते, निसर्गोपचार समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी. कारण निसर्गोपचाराची हद्द कुठे संपते, हे त्या रात्री त्याच्या सर्वात मोठ्या पुरस्कर्त्याने सही करून मान्य केले होते.

आपल्याकडे निसर्गोपचार म्हटले की ऋषिमुनी आठवतात. खरे तर ही पद्धत आजच्या रूपात आली ती जर्मन भाषिक मुलखातून. सायलेशियातल्या ग्रेफेनबर्ग गावचा शेतकरी प्रिसनिट्झ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थंड पाण्याच्या पट्ट्यांनी आणि स्नानांनी रोगी बरे करू लागला. पुढे बव्हेरियात नाइप या धर्मगुरूने तीच वाट रुंद केली. लाइपझिगच्या लुई कुन्हे यांनी तिला सिद्धान्त दिला. यांपैकी एकही रीतसर शिकलेला डॉक्टर नव्हता, आणि या चळवळीचे बळ व तिचे दुबळेपण, दोन्ही तिथूनच आले. गांधीजींनी कुन्हे आणि ॲडॉल्फ जुस्ट यांची पुस्तके दक्षिण आफ्रिकेत वाचली. स्वतःच्या बद्धकोष्ठावर त्यांनी जुस्टची मातीची पट्टी वापरून पाहिली. पुढे १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर लिहिताना त्यांनी हाच विचार पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश या पंचमहाभूतांच्या चौकटीत बसवला. जर्मन उपचाराला भारतीय कुळ मिळाले ते असे. लंघन आणि पथ्य आपल्या घराघरांत आधीपासून होतेच, त्यामुळे हे दत्तकविधान कुणाला खटकले नाही.

कुन्हे यांचे म्हणणे थोडक्यात असे : रोग अनेक दिसले तरी मुळात एकच. चुकीच्या आहाराने शरीरात विजातीय द्रव्य साठते, ताप, सर्दी, जुलाब, पुरळ ही ते बाहेर टाकण्याची शरीराची धडपड असते, आणि औषधाने ती दाबली की रोग आत मुरतो. म्हणून धडपडीला मदत करा, शरीर स्वतःच बरे होते.

यातला शेवटचा भाग खोटा नाही. मोडलेले हाड प्लास्टर जोडत नाही, हाडच जोडते. टाके घालणारा सर्जनसुद्धा जखम भरून येण्याचे काम शरीरावरच सोपवतो. हिपोक्रेटिसच्या परंपरेपासून वैद्यकाला हे ठाऊक आहे. चूक पुढच्या उडीत आहे. शरीर पुष्कळ रोग स्वतः बरे करते, यावरून ते सगळे रोग बरे करते असे ठरत नाही. कुन्हे आपला एकरोगवाद मांडत होते त्याच्या थोडे आधी, १८८२ साली, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला होता. टाइप वन मधुमेहात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. तिथे साठलेले काही काढून टाकायचे नसते, नसलेले बाहेरून द्यायचे असते. आणि देवी? गांधीजींनी लसीकरणाविरुद्ध लिहिले, पण देवीचे जगातून उच्चाटन झाले ते लसीनेच.

सिद्धान्त बाजूला ठेवून व्यवहाराकडे पाहिले की चित्र वेगळे दिसते. निसर्गोपचार केंद्रातला दिवस पहाटे उपाशीपोटी सुरू होतो. ओटीपोटावर ओल्या मातीची पट्टी, गरज वाटल्यास कोमट पाण्याचा एनिमा, मग कटिस्नान. मागे टेकता येईल अशा उतरत्या पाठीच्या टबात बेंबीपर्यंत गार पाणी, पाय बाहेर आणि कोरडे, हातात मऊ फडके घेऊन पोट हलके चोळत बसायचे. नंतर उन्हात फिरणे, वाफारा, मालिश. जेवणात कच्च्या किंवा उकडलेल्या भाज्या, मीठ जवळजवळ नाही, तेल नाही, चहा तर नाहीच. तिसऱ्या दिवशी डोके ठणकू लागते. त्याला तिथे विषारी द्रव्ये बाहेर पडत असल्याची खूण मानतात. माझा संशय बंद झालेल्या चहावर आहे.

पण दहा दिवसांनी रक्तदाब उतरलेला असतो, साखर खाली आलेली असते, झोप लागू लागलेली असते. हा परिणाम खरा आहे. प्रश्न एवढाच, की श्रेय कुणाचे? ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाच्या चाचणीत टाइप टू मधुमेहाच्या रुग्णांना काही महिने रोज साधारण ८५० कॅलरींवर ठेवले गेले. आजार सहा वर्षांच्या आतला होता आणि कुणी इन्शुलिनवर नव्हते. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : वर्षभरानंतर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. तिथे माती नव्हती, टब नव्हता, पंचमहाभूते तर नव्हतीच. होती ती पाकिटातली पावडर पाण्यात कालवून केलेली पेये. म्हणजे काम करते ते कमी खाणे आणि उतरलेले वजन. माती पोटाला गारवा देते, बरे वाटते, एवढे पुरे आहे. तिच्यावर साखर उतरवण्याचे ओझे कशाला?

याचा अर्थ निसर्गोपचार निरुपयोगी असा कुणी काढू नये. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा हे आजार माणसाच्या दिनक्रमातून वाढतात, आणि दिनक्रम बदलणे पाच मिनिटांच्या ओपीडीत जमत नाही. निसर्गोपचार रुग्णाचे ताट, ऊन आणि झोप हातात घेतो. मुख्य म्हणजे तो रुग्णाला कामाला लावतो. गोळी बसल्या जागी गिळता येते, उपास स्वतःच करावा लागतो.

गांधीजींना हेच हवे होते, आणि कुणासाठी हवे होते हे महत्त्वाचे आहे. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी पुण्यात ताडीवाला रोडवरच्या डॉ. दिनशा मेहता यांच्या क्लिनिकमध्ये निसर्गोपचाराच्या अखिल भारतीय ट्रस्टचा दस्तऐवज झाला. गांधीजी त्याचे अध्यक्ष. पण गरिबांसाठीची संस्था शहरात काढण्याची कल्पना वेडेपणाची होती, हे त्यांना लवकरच उमगले आणि त्यांनी ते उघड लिहिले. २२ मार्च १९४६ रोजी ते पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गेले. आठवडाभर खेड्यातले रोगी तपासले, रामनाम, ऊन, स्नान, आहार असे सांगत राहिले. जाताना मणिभाई देसाई या तरुणाला मागे ठेवले. मणिभाई तिथे आयुष्यभर राहिले आणि त्यांच्या लक्षात आले की ज्याच्या घरात दूधच नाही त्याला आहाराचे धडे देण्यात अर्थ नाही. ते गायींकडे, शेतीकडे वळले आणि १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था उभी राहिली. निसर्गोपचाराच्या इतिहासातले हे मला सर्वात शहाणपणाचे पाऊल वाटते, मग वरवर ते त्यापासून दूर जाणारे का दिसेना.

आज वारे उलटे आहे. जो उपचार झोपडीत, पैशावाचून, स्वतःच्या हाताने करता यावा असा होता, तो डोंगरउतारावरच्या रिसॉर्टमध्ये सात दिवसांच्या पॅकेजात मिळतो. उपाशी राहण्याचेही भाडे द्यावे लागते. पैसेवाल्यांनी हौस करावी, माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती याच बाजारातून फिरणाऱ्या दाव्यांबद्दल. कर्करोग रसाहाराने जातो, डायलिसिस टळते, इन्शुलिन सोडा. २०१८ साली अमेरिकेच्या कर्करोग संस्थेच्या नावाने निघणाऱ्या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. बरा होण्याजोगा कर्करोग असूनही ज्यांनी केवळ पर्यायी उपचार निवडले, त्यांच्यात मृत्यूचा धोका रूढ उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट आढळला. रसाने जीव जात नाही. रस पिण्यात जे महिने जातात, त्यांनी जातो.

चांगले शिकलेले निसर्गोपचारक हे जाणतात. ‘बीएनवायएस’ ही पदवी साडेपाच वर्षांची आहे आणि तिच्यात शरीररचना, रोगनिदान शिकवले जाते. पण २०२० साली भारतीय चिकित्सापद्धतींसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला तेव्हा निसर्गोपचार त्याच्या कक्षेबाहेर राहिला. पदवीधर आणि आठवड्याच्या शिबिरातून प्रमाणपत्र घेऊन आलेला, दोघांच्या दारावरची पाटी सारखीच दिसते. सरकारने हे आधी दुरुस्त करावे.

तोवर पारख वाचकालाच करावी लागेल. केंद्रात नाव नोंदवण्याआधी तिथल्या प्रमुखाला विचारा, की कोणत्या रोग्यांना तुम्ही दाखल करून घेत नाही आणि त्यांना कुठे पाठवता? तो यादी सांगू लागला, तर निश्चिंत मनाने राहा आणि दहा दिवस बिनमिठाचे जेवा. ‘आमच्याकडे सगळे बरे होतात’ असे उत्तर आले, तर पिशवी उचलून परत या.