कानातला बिल्ला

2023 चा जून. शाळा नुकतीच उघडली होती, बकरी ईद दहा-बारा दिवसांवर आली होती. सातवीतला एक मुलगा डबा न उघडताच बसून होता. विचारलं तर म्हणाला, "सर, बकरे के कान में कीड़े पड़ गए. अब कुर्बानी होगी क्या?"

घरी वाढवलेल्या बोकडाला नंबराचा पिवळा बिल्ला मारला होता. जनावरं बरीच, मारणारा घाईत. बिल्ला शिरेवरच बसला, रक्त आलं, औषध कोणी लावलं नाही. पुढचं काम माशांनी केलं.

मसला सांगणं सोपं होतं. हनफी मताप्रमाणे कानाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग गेला तर कुर्बानी होत नाही. नुसत्या भोकानं अडत नाही. (कोकणातले आमचे शाफई बांधव कानाच्या बाबतीत अधिक कडक आहेत.) मुलगा ऐकून गप्प झाला. मग म्हणाला, "पर उसको दर्द तो हुआ ना?"

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं.

सूरह निसाच्या 119 व्या आयतीत जनावरांचे कान चिरायला लावण्याचं काम सैतान आपल्याकडे घेतो. मूर्तींच्या नावानं कान चिरून उंटीण सोडून देण्याची अरबांची चाल सूरह माइदानं नाकारली. तरीही हजरत अनस यांची रिवायत आहे की हुजूर (स.) यांना मेंढ्यांच्या कानावर खूण करताना त्यांनी पाहिलं. आणि चेहऱ्यावर डाग दिलेलं गाढव दिसलं तेव्हा हुजूर (स.) यांनी डागणाऱ्यावर लानत केली. म्हणजे खूण करायला मनाई नाही. कशासाठी, कुठे आणि कशी, हे मात्र विचारलं जाणार.

बिल्ल्याचा फायदा मी नाकारत नाही. बारा आकड्यांवरून लस कळते, मालक कळतो, चोरीचं जनावर सापडतं. पण हा सगळा हिशेब माणसाच्या वहीतला आहे. वेदना मात्र जनावराच्या वाट्याची. म्हणूनच डोकं घट्ट धरणं, कान उजेडात धरून शिरा पाहणं, दोन शिरांच्या मधल्या जागी बिल्ला बसवणं, चिमटा आणि कान जंतुनाशकानं पुसणं, पुढचे आठ-दहा दिवस जखम बघणं, याला मी मेहरबानी म्हणत नाही. तो त्या मुक्या जिवाचा हक आहे. काम जायज आहे म्हणून निष्काळजीपणा जायज होत नाही. हे लिहिताना मला माझी हजेरी आठवते. साठ मुलांना नंबरानं हाक मारून मीही वेळ वाचवतो, आणि कोण उपाशी बसलंय ते दिसायचं राहून जातं.

टर्पेंटाईनचा बोळा लावून अळ्या काढल्या, कान भरून आला. ईद झाली.

पुढच्या वर्षी त्यांच्या घरच्या पाटीला बिल्ला मारायचा होता, तेव्हा मुलगा मला बोलवायला आला. डोकं त्यानंच धरलं. दहा दिवसांनी वर्गात येऊन सांगितलं, "सर, बिल्ला ढीला घूमता है, पीप नहीं है." आणि डबा उघडला.