आर्द्रेचं माप

आर्द्रा नक्षत्र लागलं की सुकापुरातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचायचं. सेक्रेटरी म्हणायचे, गावठाणातल्यांनी नाला बुजवला. गावठाणातले तात्या म्हणायचे, बिल्डरच्या भरावानं ओढा गिळला. भांडण दरवर्षीचं, पाणीही दरवर्षीचं.

यंदा सोसायटीतल्या निवृत्त विज्ञान शिक्षिकेनं दोघांना चहाला बोलावलं.

"तात्या, तुमची ही आर्द्रा म्हणजे एक तांबूस तारा. आत्ता सूर्य जवळ आलाय, म्हणून दिसत नाही. मोठ्या दुर्बिणीतूनही तो नुसता ठिपकाच दिसायचा. १३ डिसेंबर १९२० रोजी अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत मायकेलसन आणि पीझ यांच्या यंत्रानं त्याचा आकार मोजला. शंभर इंची दुर्बिणीच्या तोंडावर वीस फुटी पोलादी तुळई आणि तिच्यावर सरकते दोन छोटे आरसे. दोन्हींकडचा प्रकाश एकत्र आणला की उजळ-काळ्या पट्ट्या उमटायच्या. आरसे लांब लांब नेले आणि दहा फुटांवर पट्ट्या पुसल्या गेल्या. त्या अंतरावरून ताऱ्याचा व्यास निघाला. तेव्हाच्या हिशेबानं जवळजवळ ३८ कोटी किलोमीटर!"

"आरसे जवळच ठेवले असते तर?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तर माप मिळालंच नसतं. आणखी एक अट होती. दोन्ही आरशांकडून येणाऱ्या प्रकाशाच्या वाटा सारख्याच लांबीच्या हव्यात. एक बाजू जरा पुढे गेली, तर पट्ट्या उमटतच नाहीत. म्हणून आज दोघांनाही सारखाच वेळ. एक बोलेल, दुसरा मध्ये तोंड घालणार नाही."

तात्यांनी कागदावर जुना ओढा काढला, शेतातून थेट गाढी नदीकडे जाणारा. सेक्रेटरींनी त्याच कागदावर पाणी आधी कुठून शिरतं ते दाखवलं. दोन्ही खुणा माथेरान रोडखालच्या एका मोरीपाशी येऊन मिळाल्या.

दोघं तिथं गेले. मोरी ठार तुंबलेली. बांधकामाचा राडारोडा आणि त्यावर गावठाणातून वाहत आलेलं प्लास्टिक! कोण खोटं बोलत होतं, हा प्रश्नच उरला नाही. दोन्ही बाजूंनी वर्गणी काढून जेसीबी आणला. पुढच्या मुसळधार पावसात पार्किंग कोरडं राहिलं.

तात्पर्य: आपल्यासारखंच बोलणारा माणूस आपल्याला नवं काही दाखवत नाही. लांबच्या माणसाचं म्हणणं आपल्या म्हणण्याइतकंच मन लावून ऐकावं, म्हणजे खरं माप हाती येतं.