सब्र कोणी कोणाला सांगावा?

इयादत म्हणजे आजाऱ्याची विचारपूस. आपल्याकडे तिला इबादतीइतकाच मान आहे. घरात कुणी आजारी पडले की सारा मोहल्ला लोटतो. पण आजारी माणूस चार-पाच वर्षांचे मूल असेल आणि आजाराचे नाव कॅन्सर असेल, तर आपल्याला शब्द सापडत नाहीत. मग आपण तोंडपाठ असलेलेच बोलतो, 'सब्र करो बहन, अल्लाह की आजमाइश है.' जिन्यातून उतरताना मात्र वेगळीच कुजबूज चालते. नजर लागली असेल, कुणाची बददुआ भोवली असेल, आईबापाच्या हातून काही गुनाह घडला असेल.

या बोलण्यामागे दुष्टावा नसतो, हे मान्य. तरीही प्रश्न उरतोच. ज्या आईच्या मांडीवर ते मूल आहे, तिला सब्र सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आधी जिन्यातल्या कुजबुजीचा निकाल लावू. वयात न आलेल्या मुलाच्या नावावर गुनाह लिहिला जात नाही, ही आपली श्रद्धा आहे. एकाच्या कर्माचे ओझे दुसऱ्यावर लादले जात नाही, असे कुरआन बजावतो. मग आईबापाच्या चुकीची सजा लेकराला मिळाली, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? वैद्यकशास्त्र सांगते की बहुतेक बालकर्करोगांचे नेमके कारण सापडत नाही आणि हा रोग शेजारी बसल्याने लागत नाही. म्हणजे दीन आणि विज्ञान दोन्हीकडून या कुजबुजीला आधार नाही.

आता सब्राकडे वळू. सब्र म्हणजे न रडणे, अशी आपली समजूत आहे. हजरत याकूब यांनी यूसुफच्या वियोगात 'सब्र-ए-जमील'चा, सुंदर सब्राचा उच्चार केला. त्याच सूरहमध्ये पुढे दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडल्याचे वर्णन आहे. सब्राचा उच्चार करणारा बाप दृष्टी जाईपर्यंत झुरला आणि तरीही सब्रवालाच राहिला. पैगंबरसाहेबांचा मुलगा इब्राहीम तान्ह्या वयात गेला तेव्हा त्यांचेही डोळे पाझरले. सोबत्यांना नवल वाटले, तर त्या आसवांना त्यांनी रहमत म्हटले. मग वॉर्डातल्या आईच्या आसवांवर आपण सब्राचे झाकण का ठेवावे?

खरे तर तिचा सब्र आपल्याला दिसतच नाही. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचा, त्यातही ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतात. पाठीच्या कण्यातून सुई, सलाईनमधून औषध, तोंडात फोड, केसांचे पुंजके उशीवर. पेशी घटल्या की साधा तापही जिवावर बेतू शकतो, म्हणून रात्री-अपरात्री थर्मामीटर हातात. लातूर-परभणीहून परळच्या टाटा रुग्णालयात आलेला बाप दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल का ते बघतो, मजुरी बुडवतो आणि गावी दादीजवळ ठेवलेल्या थोरल्या मुलीला फोनवर 'लवकर येतो' म्हणतो.

आणि सर्वांत अवघड वळण पुढेच असते. पहिल्या महिन्याभराच्या उपचारानंतर बहुतेक मुलांच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होतात. मूल हसू-खेळू लागते. तेव्हा नातेवाईक म्हणतात, 'आता बरा झालाय, कशाला विष घालता? मन्नत फेडा, ताबीज बांधा, घरी आणा.' इथे उपचार सुटले तर रोग बहुधा परत येतो, आणि परतलेला रोग जास्त हट्टी असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांखाली आहे. उशिरा निदान आणि अर्ध्यावर सोडलेले उपचार ही त्यामागची मोठी कारणे आहेत. म्हणजे मूल धडधाकट दिसत असतानाही तारखेला गाडी पकडून परत जाणे, हाच इथला सब्र. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपण वाझमध्ये ऐकतो. दुआ जरूर करावी. पण गोळी चुकवून केलेली दुआ हा तवक्कुल नव्हे.

मात्र हा सब्र एकट्या घराच्या ताकदीबाहेरचा आहे. सरकारी योजनेतून किंवा ट्रस्टकडून औषधांचा भार हलका होतो, पण गाडीभाडे, खोली, बुडालेला रोजगार यांचे बिल कुठेच लागत नाही. रमजानमध्ये जकात काढताना आपल्या गावातल्या अशा गरजू घराची आठवण आपण ठेवतो का? ईद-ए-मिलादला तरुण रक्तदान शिबिरे भरवतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. वर्षातून एकदा दिलेले रक्त या मुलांना वर्षभर कसे पुरणार? शहरातल्या चार तरुणांनी बोलावताच जाण्याची तयारी ठेवली, तर ती इयादत अधिक मोलाची.

आणि जिथे औषध हरते तिथे काय? तिथेही वेदना कमी करणारे उपचार असतात, ते घेणे म्हणजे श्रद्धा सोडणे नव्हे. त्या घरासाठी आपल्याकडे उत्तर नाही, हे कबूल करून जवळ बसावे. 'का?' हा सवाल त्या आईने अल्लाहला विचारला तर तो त्यांच्यातला मामला आहे. आपण मध्ये वकिली करू नये.

सब्र हा स्वतःला सांगायचा शब्द आहे. दुसऱ्याला सांगितला की बहुतेकदा आपली सुटका होते, त्याची होत नाही. म्हणून पुढच्या वेळी त्या दारात उभे राहिल्यावर आपण एवढेच विचारावे : थोरलीला आठ दिवस आमच्याकडे ठेवू का? आज रात्री वॉर्डात आमच्यापैकी कुणी थांबले, तर तुम्ही थोडे झोपाल का?