काकूंचं कात्रण

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं कुणाला न टोचणारं, सत्य, प्रिय आणि हितकर असावं. बावीस वर्षं वर्तमानपत्रात सदर लिहिताना माझी सगळी भिस्त 'सत्य'वर होती. बाकीच्यांचं ते बघून घेईल, असं वाटायचं.

1 मार्च 2021ला साठीपुढच्यांना कोरोनाची लस खुली झाली. चौथ्या दिवशी मी दंड पुढे केला. त्याच महिन्यात माझा लेख आला, 'घाई कशाला?' तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती नसताना कोव्हॅक्सिनला जानेवारीत परवानगी मिळाली, हा मुद्दा. त्यात खोटं काही नव्हतं. मार्चच्या सुरुवातीला अंतरिम निष्कर्ष आले, ते मात्र अर्ध्या ओळीत उरकले. स्वतः लस घेतल्याचं तर लिहिलंच नाही. सगळे मान डोलावत असताना जो नाही म्हणतो, त्याचं सदर वाचलं जातं. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड.

शेजारच्या काकू लस घ्यायच्या थांबल्या. एप्रिलमध्ये नऊ दिवस ऑक्सिजनवर होत्या. वाचल्या.

फळावर आपला अधिकार नाही, असं मनाशी घोकून पाहिलं. पण तीच गीता अठराव्या अध्यायात, परिणाम आणि हिंसा न बघता मोहानं केलेल्या कर्माला तामस म्हणते. लिहिणं हे कर्म नाही, असं म्हणायची सोय मला कुठेच सापडली नाही.

1897च्या प्लेगात 'केसरी'नं प्लेग कमिशनर रँडच्या माणसांच्या घरझडत्यांवर कोरडे ओढले. पण लिहिणारे टिळक पुण्यातच राहिले, हिंदू रुग्णांसाठी इस्पितळ काढण्यात पुढे होते. त्यांच्या मतांशी भांडता येईल. पण लेखणी आणि माणूस एकाच गावात होते. माझी लेखणी रांगेतल्यांना घरी जा म्हणत होती आणि मी रांगेत उभा होतो.

जूनमध्ये काकूंकडे गेलो, सगळं सांगितलं. त्या उठल्या, पंचांगात ठेवलेलं कात्रण काढून माझ्या हातात दिलं.

"अहो, मी हे मागच्या आंबावडीसाठी ठेवलं होतं. तुम्ही कुठं मनाला लावून घेता!"

मी कात्रण उलटून पाहिलं. कात्री माझ्या लेखाच्या चौकटीवरून नीट फिरली होती. आंबावडी साखरेच्या पाकापाशीच कापली गेली होती.