घराचं किती टाकायचं?

पनवेल तालुक्यातल्या कोन गावी गिरणी कामगारांची घरं आहेत. एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरच्या घरांच्या योजनेत त्या इमारती बांधल्या गेल्या. १६० चौरस फुटांची दोन घरं जोडून ३२० फुटांचं एक घर करायचं आणि ते ६ लाख रुपयांना कामगाराला किंवा त्याच्या वारसाला द्यायचं, असं ठरलं. डिसेंबर २०१६मध्ये म्हाडाने तिथल्या २,४१७ घरांची सोडत काढली. पुढे करोनाच्या काळात त्याच इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या, मग दुरुस्तीचा प्रश्न आला आणि किल्ल्या हाती पडायला वर्षांमागून वर्षं गेली. ज्यांच्या हातचं काम १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात गेलं, त्या पिढीतले काहीजण तोवर नातवंडांचे आजोबा झाले होते. तेव्हा या ३२० फुटांतला एक फूटही फुकटचा नाही, हे आधी ध्यानात घेऊ.

अशा एखाद्या घरात खिडकीशी टेबल मांडून, दोन स्क्रीन लावून, गिरणी कामगाराचा मुलगा शेअर बाजारात ट्रेडिंग करतो असं समजा. नोकरी नाही, दुकान नाही. हाच त्याचा धंदा. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो, दुपारी साडेतीनला बंद होतो. वर्षअखेरीस रिटर्न भरायची वेळ आली की तो सीएला विचारतो, ‘घराचं किती टाकू?’ लाइट बिल, इंटरनेट, सोसायटीचा मेंटेनन्स यांतलं किती धंद्याचा खर्च म्हणून दाखवायचं, असा त्याचा प्रश्न असतो. त्यावर मिळणारं नेहमीचं उत्तरही ठाऊक आहे: ‘अर्धं टाका, कोण बघायला येतंय?’

कोणी बघायला येत नाही, हे बहुतेक वेळा खरंच असतं. नैतिक प्रश्न सुरू होतो तो तिथेच.

खर्च मागण्यात गैर काहीच नाही, हे आधी स्वच्छ सांगायला हवं. फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे आणि त्याच दिवशी घेऊन विकलेले शेअर, या दोन्हींचं उत्पन्न कायदा धंद्याचं उत्पन्न मानतो. धंद्यासाठी झालेला खर्च त्यातून वजा करणं हा हक्क आहे. १९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ३८ नेमकं अशाच घरासाठी आहे: जागा थोडी राहण्याला आणि थोडी धंद्याला वापरली जात असेल, तर खर्चाचा रास्त हिस्सा मिळतो. नव्या, २०२५च्या कायद्याने कलमांचे आकडे बदलले, हे तत्त्व ठेवलं. संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, टेबल-खुर्चीवर १० टक्के. नोटीस येईल या धास्तीने पुष्कळ प्रामाणिक माणसं यातलं काहीच मागत नाहीत. त्यांचं मला वाईट वाटतं. घाबरून हक्क सोडल्याने सचोटी वाढत नाही. (शेअर वर्षानुवर्षं धरून ठेवणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा भांडवली नफा असतो, त्यात घरखर्च बसत नाही. उलाढालीच्या ६ टक्के अनुमानित नफा दाखवून सुटसुटीत रिटर्न भरणाऱ्याचा सगळा खर्च त्या टक्केवारीतच धरलेला असतो. त्याने वर पुन्हा लाइट बिल दाखवू नये.)

आता हिशेबच मांडू. टेबल, खुर्ची आणि मागे सरकायला जागा धरली तर फार तर ३० चौरस फूट, म्हणजे घराचा दहावा भागसुद्धा नाही. महिन्याचं लाइट बिल २,००० रुपये, मेंटेनन्स १,५०० आणि इंटरनेट ७०० धरा. पहिल्या दोन्हींचा दहावा हिस्सा ३५० रुपये. इंटरनेट बाजारासाठी जास्त लागतं म्हणून त्याचं अर्धं, आणखी ३५०. महिन्याला ७०० झाले, वर्षाला ८,४००. सीएच्या सल्ल्याने सगळ्याचंच अर्धं टाकलं तर वर्षाचा आकडा २५,२०० होतो. फरक १६,८०० रुपयांचा. २० टक्क्यांच्या टप्प्यात उत्पन्न असेल तर उपकर धरून या फरकावर वाचणारा कर साडेतीन हजारांपर्यंत जातो. एका वर्षाचं खोटं एवढ्या किमतीला पडतं. तिकडे १९६१च्याच कायद्याच्या कलम २७०अ मध्ये पुराव्याविना मागितलेला खर्च चुकीच्या माहितीत मोडतो आणि त्यावर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड आहे. पण दंडाच्या भीतीवर मला हा मुद्दा उभा करायचा नाही. दंड होणारच नाही अशी खात्री असेल तर काय, हे विचारायचं आहे.

अमेरिकेत याच वजावटीचा एक सोपा मार्ग आहे. घरातल्या कामाच्या जागेसाठी दर चौरस फुटाला ५ डॉलर, आणि त्यासाठी जास्तीत जास्त ३०० चौरस फूट धरता येतात. तिथल्या कायद्याला कामाच्या खोलीची जी वरची मर्यादा वाटते, तेवढ्यात कोनमधलं जवळजवळ अख्खं घर मावतं. शिवाय ती जागा निव्वळ कामासाठीच राखलेली हवी, अशी तिथे अट आहे. ती अट आपल्या घरांना लावली तर कोणालाच काही मिळणार नाही, कारण ज्या टेबलावर दुपारपर्यंत सौदे होतात तिथेच संध्याकाळी धाकटी बहीण अभ्यासाला बसते. आपल्या कायद्याने ती अट न घालता रास्त हिस्सा तेवढा मागितला, हे मला फार समजूतदारपणाचं वाटतं. एकाच जागेत दोन-तीन आयुष्यं चालतात, हे त्याने मान्य केलं. पण अशी सूट दिली की मोजण्याची जबाबदारी आधी त्या माणसावर येते. अधिकारी आला तर नंतर येईल. फूटपट्टी घेऊन भिंतीपासून खुर्चीपर्यंत मोजणारा पहिला माणूस तोच.

मोजायला बसलं की चौरस फुटांत न बसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. सव्वानऊ ते साडेतीन आई मिक्सर लावत नाही. टीव्हीचा आवाज बंद. पोर रडलं तर त्याला घेऊन कोणीतरी बाहेर जिन्यात उभं राहतं. बाजार खाली आला की घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. या सगळ्यांनी मिळून धंद्याला जी जागा दिली ती ३० फुटांहून कितीतरी मोठी आहे. तिची वजावट मिळत नाही आणि मिळूही नये. पण धंदा करणाऱ्याला तिची जाणीव तरी हवी.

गिरणगावाला ही गोष्ट नवी नाही. चाळीच्या खोल्यांत बायकांनी खानावळी चालवल्या. त्याच खोलीत संसार, त्याच खोलीत गिरणीतून आलेल्या माणसांच्या पंगती. घर आणि धंदा वेगळे करणं तिथे शक्यच नव्हतं, आणि त्या बायकांची मेहनत बराच काळ कोणाच्याच हिशेबात नव्हती. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेच्या दारापर्यंत नेलं, तेव्हा हे काम धंदा म्हणून मोजलं जाऊ लागलं. घरातल्या धंद्याचा खर्च प्रामाणिकपणे मोजणं म्हणजे तो कोणाच्या खांद्यावर आहे हे पाहणं, हे मी त्या इतिहासातून शिकलो.

ट्रेडिंगच्या बाबतीत हे पाहणं जास्त गरजेचं आहे. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये दिलेल्या अहवालानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. म्हणजे ‘घराचं किती टाकू’ विचारणाऱ्या बहुतेकांकडे कर भरावा असा नफाच नसतो. दुसरं उत्पन्न नसेल तर त्यांची वजावट आज एक रुपयाही वाचवत नाही, तोटा तेवढा वाढवते. फ्युचर्स-ऑप्शन्सचा तोटा ८ वर्षं पुढे ओढता येतो, त्याच दिवशीच्या सौद्यांचा ४ वर्षं. अशा माणसाने फुगवलेला खर्च टाकला तर तो न आलेल्या नफ्यासाठी आजच खोटं साठवून ठेवतो. आणि खर्च मुळीच न टाकणारा दुसरीकडे फसतो. सौद्यांत ४०,००० गेले असं तो घरी सांगतो, पण वीज, इंटरनेट, संगणक धरून गेलेला आकडा त्यालाही माहीत नसतो. त्याची बायको त्या आकड्याची पहिली हक्कदार आहे, आयकर खातं नंतर.

म्हणून मला वाटतं, हा हिस्सा आधी जेवणाच्या वेळी घरच्यांसमोर मोठ्याने सांगावा. दहावा भाग माझ्या धंद्याचा, असं आईसमोर म्हणून पाहावं. अर्धं घर माझ्या धंद्याचं, असं तिच्यासमोर म्हणवेल का? तिथे न म्हणवणारा आकडा रिटर्नमध्येही घालू नये. आणि ठरलेला आकडा कसा आला, ते वहीत चार ओळींत लिहून बिलांसोबत ठेवावं.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते. घर वडिलांच्या नावावर असलं की कोणीतरी सुचवतं: वडिलांना भाडं देतोस असं दाखव, पावती घे. भाडं खरंच द्यायचं असेल तर तेही रास्त हवं, वाटपाच्या अटींत बसणारं हवं, दर महिन्याला बँकेतून जाणारं हवं आणि वडिलांच्या उत्पन्नात दिसणारं हवं. पण बहुतेकदा पैसे हलतच नाहीत, फक्त सही लागते. गिरणी बंद पडली तरी ज्याने नोकरीचे कागद जपून ठेवले, वारस म्हणून मुलाचं नाव लिहिलं, सोडतीच्या यादीत आपलं नाव शोधलं, त्या म्हाताऱ्यापुढे न मिळालेल्या भाड्याची पावती ठेवायची आणि म्हणायचं, ‘बाबा, इथे करा.’ ते करतीलही. मुलासाठी बाप सही करतो. मुलाने तो कागद त्यांच्यापुढे ठेवू नये. आणि भाडं खरंच दिलं असेल, तर ते पैसे बाबांच्या खात्यात राहू द्यावेत, बाबांनी हवे तसे खर्च करावेत. महिनाअखेरीला मार्जिन कमी पडलं म्हणून परत मागू नयेत.