गोरोबाकाकांचे थापटणे आणि पडद्यावरची पात्रे

संतांच्या चरित्रावरचे चित्रपट वारकऱ्याने पाहावेत की नाही, अशी शंका पुष्कळ जण विचारतात. आमचे उत्तर सोपे आहे. खुशाल पाहावेत. कीर्तनात कथा कानाने ऐकतो, पडद्यावर ती डोळ्यांनी पाहतो, एवढाच फरक. पण ऐकणे आणि पाहणे ही अर्धी सेवा झाली. जे ऐकले, जे पाहिले, त्याचा विचार करणे ही उरलेली अर्धी. ती मात्र आपण बहुधा टाळतो. चमत्कार झाला की डोळे पुसायचे, हात जोडायचे आणि घरी जायचे! मधल्या माणसांचे काय झाले, हे विचारायचे राहूनच जाते.

मधल्या माणसांचा विचार कसा करावा, हे शिकवणारे ठिकाण आपल्या धाराशिव जिल्ह्यातच आहे. तेरणेच्या काठचे तेर. येथे गोरोबाकाकांची समाधी आहे. परंपरेने त्यांचा काळ १२६७ ते १३१७ असा मानतात आणि चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांची पुण्यतिथी होते. संतमेळा जमला असता मुक्ताईने काकांना विचारले, या मडक्यांत पक्के कोणते आणि कच्चे कोणते? काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे उगी राहिले, नामदेवराय मात्र रागावले. कच्चे मडके कोणते ते तेथेच ठरले. पुढे विसोबा खेचरांच्या पायाशी ते पक्के झाले, ही कथा वाचकांना ठाऊकच आहे.

आपल्या मराठीत पात्र म्हणजे भांडे आणि पात्र म्हणजे नाटकातला, चित्रपटातला माणूसही. म्हणून आम्ही म्हणतो, पडद्यावरचे पात्रही असेच थापटून पाहावे. पोशाख, टाळ, कपाळावरचा बुक्का यावर भुलू नये. नाद कसा येतो तो ऐकावा.

प्रथम एक पक्के पात्र पाहू. १९३६ साली प्रभातने काढलेला 'संत तुकाराम'. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबा आणि गौरीबाई आवली. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पागनीसांच्या मुद्रेवर लोक लुब्ध झाले, ते योग्यच. परंतु त्या चित्रपटाचा आधार आम्हाला आवलीत दिसतो. पोर आजारी पडते, तेव्हा ती पायातले पायताण हातात घेऊन थेट देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. चित्रपटवाल्यांनी तिला खलनायिका केले नाही की अडाणी म्हणून तिची चेष्टा केली नाही. चूल कोणी पेटवायची, हा तिचा प्रश्न खरा आहे म्हणून तुकोबांचे वैराग्यही खरे वाटते. आवलीला थापटून पाहा, नाद खणखणीत येतो.

आता गोरोबाकाकांची कथा घेऊ. महिपतीबुवांच्या 'भक्तविजया'मुळे ती घरोघरी गेली, कीर्तनातून तर गेलीच. भाषेची सीमाही तिने ओलांडली. १९४८ साली तामिळमध्ये नागय्यांचा 'चक्रधारी' निघाला. १९७४ साली कन्नडमध्ये राजकुमारांनी 'भक्त कुंबार' केला आणि १९७७ साली तेलुगूत अक्किनेनी नागेश्वर राव 'चक्रधारी' झाले. तेरचा कुंभार असा दक्षिणभर आपला झाला.

पण या कथेत एक जागा अशी आहे की तेथे ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. काका चिखल तुडवीत आहेत, मुखी नाम आहे, देहाचे भान नाही. रांगत आलेले तान्हे पोर पायाखाली येते. काय हो, ही भक्ती म्हणायची का? पोटच्या पोराचे रडणे ऐकू येत नाही, त्या तल्लीनतेला नमस्कार करायचा की तिला भ्यायचे?

कोणी म्हणतात, पोर म्हणजे माया आणि भक्ताने माया तुडवली, असा त्याचा गूढ अर्थ आहे. आम्हाला हे पटत नाही. माउलींनी स्वकर्मालाच पूजा म्हटले. सावतोबांना अरणच्या मळ्यात देव भेटला, तो मळा ओसाड टाकून नव्हे. आपल्या संप्रदायाने प्रपंच पायाखाली घालायला कधी शिकवले नाही. मग या कथेत ही जागा ठेवली कशाला? त्यासाठी काकांच्या शेजारचे पात्र थापटून पाहिले पाहिजे. ते पात्र म्हणजे संती.

संती पाणी घेऊन येते, पाहते आणि आकांत करते. ती विठ्ठलालाही बोल लावते. कथेने तिचे तोंड दाबलेले नाही, हे ध्यानात घ्यावे. देवाला बोललेले ऐकून काका रागाने तिच्यावर धावतात. तेव्हा ती म्हणते, मला हात लावाल तर विठोबाची आण आहे. आणि उगारलेला हात जागच्या जागी थांबतो.

आमच्या मते सगळी कथा या एका क्षणात आहे. पाय पोरावर पडले तेव्हा काका भानावर नव्हते. हात संतीवर उचलला तेव्हा मात्र ते भानावर होते. ज्या नामात ते बुडाले होते, तेच नाम संतीच्या तोंडून त्यांच्या आड आले, आणि काकांनी ते मानले. सोयीचे असताना नाम सारेच घेतात. आपल्याविरुद्ध उच्चारलेले नामही जो मानतो, तोच पक्का.

पुढे संतीच्याच आग्रहाने तिची बहीण रामी घरात सून म्हणून येते. दोघींना सारखे वागवा, असे सासरे सांगतात आणि काका तीच आण दोघींना लावतात. एके रात्री त्या बहिणी झोपेत त्यांचे हात आपल्या अंगावर घेतात. आण मोडली म्हणून काका स्वतःचे हात तोडतात. कुंभाराचे हात म्हणजे त्याचे पोट! संतपण सांगणाऱ्या कथेने संताला चूक माफ केलेली नाही. त्याच्याकडून पुरती किंमत घेतली, आणि मगच पंढरीला नामदेवरायांच्या कीर्तनात हात परत दिले, पोरही परत दिले.

चित्रपटात घोटाळा होतो तो येथे. कीर्तनकार आण पडली की थांबतो, निरूपण करतो, ऐकणाऱ्याला स्वतःच्या घराकडे पाहायला लावतो. चित्रपटाला थांबता येत नाही. अडीच तासांत पोर जाते आणि अडीच तासांत रांगत येते. पाहणाऱ्याला वाटते, झाले गेले गोड झाले. मग संतीचे रडणे म्हणजे चमत्काराआधीचा खोळंबा ठरतो. ज्या चित्रपटात संती नुसती रडते, आणि तिच्या आणेला वजन नसते, तेथील काकाही कच्चे राहतात. टाळ कितीही जोरात वाजोत.

हा विचार आम्ही करतो तो केवळ चित्रपटांची परीक्षा म्हणून नव्हे. आता टूरिंग टॉकीजची वाट पाहावी लागत नाही, संतकथा प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर आली आहे. ती पाहून आपल्यातलाच एखादा म्हणतो, भजनात रंगलो, घराकडे दुर्लक्ष झाले, पण काकांचे तरी काय झाले होते? बाबा रे, काकांचे पोर परत आले, ते कथेत. तुझ्या घरी तापाने फणफणलेले पोर औषधावाचून राहिले, तर कोणतेही कीर्तन ते परत आणील असे धरून चालू नकोस. आणि काकांसारखे म्हणवून घ्यायचे असेल, तर आधी घरच्या संतीने घातलेली आण ऐकावी लागेल. तिचे बोलणे भजनात व्यत्यय वाटले, तर आपल्या मडक्यातून कोणता नाद आला ते समजावे.

तेव्हा वारकऱ्यांनी चित्रपट जरूर पाहावा, कथा जरूर वाचावी. पाहून झाल्यावर घरातल्या सर्वांनी मिळून बसावे आणि विचारावे, यात कोणाला बोलू दिले, कोणाला गप्प बसवले, चुकीची किंमत कोणी दिली? मायबहिणींनी उत्तर आधी द्यावे, पुरुषांनी नंतर. असे केले, तर तेरच्या काकांचे थापटणे आपल्याही घरी फिरले असे होईल. रामकृष्णहरि.